सहा वर्षं न जाळलेला मुकुट

ओझोलकाल्न, १६ जून

प्रिय वेल्टा,

तू आणि तुझा आर्विड्स खुशाल असाल. इकडे सगळं झकास. दोन्ही गायी व्यायल्यात, दूध उतू जातंय. लीगोच्या सणाचं चीज कालच बांधून ठेवलं, शहाजिरं सढळ हातानं घालून. शेजारची झेल्मा बघून म्हणाली, "एवढं थोरलं चीज कुणासाठी गं? तुझी पाहुणी तर सहा वर्षं रुसलीय." मी म्हटलं, "तू आपली बिअर ढवळ."

टेकडीवर डांबराचं पिंप पेटवायला खांबाला चढवलंय. यंदा उजेड तळ्यापलीकडच्या ओटच्या शेतापर्यंत पडणार, म्हणजे तिथपर्यंत पीक येणार. वर्षातली सगळ्यात छोटी रात्र, आणि तीही आपण कधी झोपून घालवली नाही.

गोठ्याच्या दारावर तुझा फुलांचा मुकुट अजून लटकतोय. सहा वर्षांपूर्वी त्या रात्री निघून जाताना तू काढून फाटकाला अडकवलास, तोच. फुलांचा नुसता भुगा उरलाय. रीतीप्रमाणे पुढच्या वर्षीच्या आगीत टाकायला हवा होता, म्हणजे वर्षाची इडापिडा जळते. दर वर्षी हातात घेते आणि परत खिळ्याला लावते.

लोक म्हणतात, सणाच्या रात्री गाण्यातून काढलेली उणीदुणी मनावर घ्यायची नसतात. ज्याच्यावर गाणं होईल त्यानं उलटं गाणं ठोकायचं आणि पहाटे एकाच मगातून प्यायचं. सहा वर्षं मीही हेच तुणतुणं वाजवलं. 'वेल्टानं उत्तर द्यायचं सोडून फुगून बसायचं कशाला?' असं सगळ्यांना सांगत फिरले.

पण ते गाणं मला अजून तोंडपाठ आहे:

*अकरा वर्षं रानात जाते, नेच्याचं फूल गावेना;*
*पाळणा बाई माळ्यावर, हलवायला कुणी येईना.*

सणाच्या रात्री जोडपी नेच्याचं फूल शोधायला रानात कशाला जातात हे शेंबड्या पोरालाही कळतं; सगळे खदखदून हसले. त्यांचा काय दोष? त्यांना कुठे ठाऊक होतं?

मला ठाऊक होतं, वेल्टा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तुझं पोटातलं बाळ गेलं, हे तू फक्त मला सांगितलं होतंस, माझ्या स्वयंपाकघरात, दार लावून. तरी मी गायले. गाण्याला रंग चढला होता, आणि मला हशा हवा होता. एवढंच. याहून बरं कारण माझ्यापाशी नाही. मी चुकले.

म्हणून यंदा पहिलं गाणं मी माझ्यावरच रचलंय. तू ये अगर न ये, अख्ख्या गावासमोर आगीपाशी उभी राहून गाणार आहे:

*ठाऊक होतं थोरलीला, तरी चालवलं तोंड;*
*सहा वर्षं गळ्यात वागवते आपल्याच शब्दांची धोंड.*

चाल चोख बसते. मागून 'लीगो, लीगो' म्हणायला सगळे आहेतच. तुझं नाव घेणार नाही, बाळाचंही काही बोलणार नाही. ते तुझं आहे.

तेवीस तारखेची दुपारची बस फाट्यावर थांबते. आलीस तर माझ्यावर हवं ते गा. ओकच्या फांद्यांनी झोडपल्यासारखं गा. मी उलट उत्तर देणार नाही, आणि हे माझ्यासारखीला किती जड आहे ते तुला सांगायला नको.

मुकुट मी जाळणार नाही. तुझं दुःख आगीत टाकायचा हक्क माझा नाही. तू येईपर्यंत खिळा मजबूत आहे.

तुझं गाणं ऐकायला उभी असलेली,
तुझी तोंडाळ थोरली बहीण,
आउस्मा