नळी वळण्याचे दिवस

४ फेब्रुवारी

आजही तेच! औषधाच्या पाण्यात वाढलेल्या माशांच्या पिल्लांपैकी निम्म्यांची हृदयं वळलेलीच नाहीत. सरळसोट नळी ती सरळसोट नळीच. साध्या पाण्यातली मात्र सगळी ठणठणीत.

शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला (आम्ही त्याला दाढीच म्हणतो) डोकावून म्हणाला, "एवढा मोठा शोध! तुझं तर नशीबच उघडलं!" मी हसले.

फोनवर आईला सांगायला गेले, तर म्हणे, "माशांना हृदय असतं?" असतं की! पिल्लू काचेसारखं आरपार, आत ते धडधडताना दिसतं. आधी साधी नळी. मग ती कूस बदलल्यासारखी वळते, मग तिचे कप्पे होतात. माणसाच्या बाळातही सुरुवात अशीच. वळण चुकलं की पुढचं सगळं चुकतं. इतकी वर्षं बघतेय, तरी नळी वळायला लागली की श्वास रोखून धरते.

आई म्हणाली, "बरं बरं. पण तू जेवलीस का?"

५ फेब्रुवारी

बाईंना आकडे दाखवले. आमच्या विभागाच्या सर्वेसर्वा, सहसा चेहऱ्यावरची माशी हलू देत नाहीत. आज चष्मा काढला. म्हणाल्या, "फिट्सची गोळी आहे ही. रोज किती बायका घेत असतील! पुन्हा कर प्रयोग. तोवर भिंतीलासुद्धा सांगायचं नाही."

भिंतीला नाही सांगितलं. इथे लिहितेय फक्त.

६ फेब्रुवारी

धाकटीला दिवस गेलेत!! ओरडलेच फोनवर. तीही ओरडली. मग दोघी रडलो, मग ती म्हणाली, "ताई, नाव तू शोधायचंस, पण तुझ्या त्या माशांसारखं लॅटिन नको."

फोन ठेवला, आणि मग गोळी आठवली.

ती तीच गोळी घेते. शाळेत असल्यापासून फिट्स. पाच-सहा औषधं झाली, ही लागू पडली. ही मिळाल्यापासून नोकरी, लग्न, गाडी चालवणं — सगळं. तिच्यामुळेच तर मी हे काम मागून घेतलं होतं. गोळी निर्धोक आहे हे दाखवायला!

सहावा आठवडा लागलाय. म्हणजे आत्ताच. मी हे लिहितेय तेव्हा तिच्या पोटात ती नळी वळत असेल. किंवा नसेल.

७ फेब्रुवारी

बाईंना सांगितलं — माझी बहीण घेते ही गोळी.

त्यांनी उठून दार लावून घेतलं. मग, "तू सांगितलंस तर ती बंद करेल. बंद केली तर फिट येईल. आणि उद्या आपलंच चुकलंय असं निघालं तर?"

"आणि बरोबर निघालं तर?"

"ती तुझी बहीण आहे," एवढंच म्हणाल्या. याचा अर्थ सांग असा, की सांगू नको असा?

८ फेब्रुवारी

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दिवसभर घरात येरझाऱ्या. एकच कपडा दोनदा धुतला.

९ फेब्रुवारी

सांगून टाकलं.

धाकटी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. चिमटे माझ्या हातात देत होती, लहानपणी द्यायची तसे. मी सगळं सांगितलं. मासे, नळी, निम्मी पिल्लं. हेही सांगितलं की मासा म्हणजे माणूस नव्हे, अजून पक्कं काही नाही, मनाने गोळी बंद करायची नाही, आधी तुझ्या डॉक्टरांना विचार. पुन्हा पुन्हा बजावलं.

"म्हणजे माझ्या बाळाचं हृदय वाकडं होणार?"

"नाही गं, वाकडं व्हायलाच हवं. सरळ राहिलं तर —" काय बोलले मी हे! पण ती फस्सकन हसली. म्हणाली, "आपल्या घरात सरळ आहे कोण?"

बिनघोर निघाले. हसली ना, म्हणजे घाबरली नाही. असं वाटलं.

१२ फेब्रुवारी

फिट्सच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळालीय म्हणे. "आधीची नाही का?" विचारलं. "बघते गं." आवाज जरा तुटक वाटला. की मलाच सगळं तुटक ऐकू येतंय?

१५ फेब्रुवारी

धाकटी पडली. बाथरूममध्ये, तोंड धुता धुता फिट आली. कपाळ बेसिनच्या कडेवर आपटलं. टाके पडलेत. नवऱ्याने दार तोडलं म्हणून निभावलं.

गोळी तिने त्याच दिवशी सोडली होती. मी दारातून बाहेर पडले आणि तिने पाकीट कचऱ्यात टाकलं! माझ्या बजावण्यातलं तिने काय ऐकलं? "बाळ" आणि "हृदय". बाकीचं वाऱ्यावर.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तिचा नवरा. एरवी गरीब गाय, मला वर मान करून बोलत नाही. आज म्हणाला, "ताई, तुमच्या माशांपायी माझी बायको फरशीवर तडफडत होती."

आई मधे येऊन उभी राहिली, पण माझ्याकडे पाठ करून.

१६ फेब्रुवारी

बाळ आहे. ठोके दिसले. गोळी पुन्हा सुरू केली, डॉक्टर म्हणाले दुसरा इलाज नाही.

हे मला आईने सांगितलं. आत मला बोलावलं नाही.

२२ फेब्रुवारी

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

नवा प्रयोग लावला होता. इनक्युबेटरच्या वरच्या फळीवर, माझ्या नेहमीच्या जागी, दाढीने आपल्या बाटल्या रचून ठेवलेल्या. चडफडत औषधाच्या बश्या खाली ठेवल्या आणि साध्या पाण्याच्या वर, कशाबशा कोपऱ्यात. आज बघितलं, तर साध्या पाण्यातली पिल्लं बिघडलेली! औषधातली धडधाकट!

आधी वाटलं बश्यांवरच्या चिठ्ठ्याच अदलाबदल झाल्या. मग थर्मामीटर घेऊन वरच्या फळीवर ठेवला. इनक्युबेटरच्या दारावरचा तापमानाचा आकडा बरोबर, पण वर, हीटरच्या तोंडाशी, पार भट्टी. पिल्लं गोळीने नाही, उष्णतेने बिघडत होती. आणि गोळीच्या बश्या प्रत्येक वेळी वरच कोण ठेवत होतं? मी. हाताला सवय झाली म्हणून!

गोळीने काही केलं नव्हतं. फळीने केलं. छे, फळीने कसलं — मी.

२४ फेब्रुवारी

बाईंना सांगितलं. रागावल्या नाहीत. "आत्ताच कळलं ते बरं झालं," म्हणाल्या. कोणाचं बरं झालं? त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिथून थेट धाकटीकडे. दार नवऱ्याने उघडलं. उंबऱ्यातच सांगितलं, चूक माझी होती, गोळीत काही सापडलं नाही, तिला म्हणावं निश्चिंत राहा. त्याने दार अर्धंच धरून ठेवलं. मग म्हणाला, "आणि हेही पुढच्या आठवड्यात बदललं तर?"

आतून तिचा आवाज आला — "ताई, काही दिवस येऊ नकोस."

ओरडून बोलली असती तर आत घुसले असते. शांतपणे बोलली. परत फिरले.

९ मार्च

झोप नाही, जेवण नाही. मायक्रोस्कोपला डोळा लावला की डोळ्यात पाणी येतं, मग पिल्लं पोहतायत की मीच, कळत नाही. दाढी चहा आणून ठेवतो, काही विचारत नाही. आज चहा प्यायले आणि कप त्याच्याच अंगावर लवंडला. "आता कशी माणसात आलीस," म्हणाला.

२१ मार्च

आता बश्या दर वेळी फळ्या बदलून ठेवते. दोन्ही फळ्यांवर थर्मामीटर. पुन्हा केला प्रयोग. गोळीच्या पाण्यातही नळी वळते, छान वळते. धाकटीला मेसेज केला. तिने वाचल्याची खूण दिसली. उत्तर नाही.

२२ मार्च

उत्तर नाही.

१४ एप्रिल

आई येऊन राहिलीय. पोहोचल्यापासून माझी कपाटं आवरतेय. मी म्हटलं, धाकटीला सांग ना, मी मुद्दाम नाही केलं. आई म्हणाली, "मुद्दाम केलं असतंस तर भांडून मोकळी झाली असती. आता तिने भांडायचं कोणाशी?"

मग थोड्या वेळाने, टॉवेलची घडी घालता घालता, "ती रोज विचारते मला, गोळी घेतली तर चालेल ना? मी काय सांगू? मी म्हणते, हो. तू सांगितलंस म्हणून हो म्हणते."

उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. म्हणजे अजूनही माझ्याच शब्दावर चाललंय सगळं. मला तर तो शब्द उचलवत नाही!

६ मे

पुढच्या आठवड्यात मोठं स्कॅन. बाळाचा एक एक अवयव बघणार. येऊ का, असं विचारायला फोन उचलला, ठेवला. उचलला, ठेवला. आई म्हणाली, "तो फोन ठेव नाहीतर कर, पण त्याला असं झुलवू नकोस."

ठेवला.

१३ मे

धाकटीचा फोन. इतक्या दिवसांनी तिचा आवाज!

"ताई, बाळाच्या हृदयात भोक आहे. फुप्फुसाकडे जाणारी वाटही अरुंद आहे म्हणाले. जन्मल्यावर ऑपरेशन लागेल."

गोळीमुळे? गोळी सोडल्यामुळे? की काहीच कारण नसताना? तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? एका बाळावरून हे कुणालाच सांगता येत नाही. मला तर नाहीच नाही.

"डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. मला काही समजलं नाही," म्हणाली. "तू ये. तू समजावून सांग."

निघालेय.