गाडीला झेनॉन बसवले

३ डिसेंबर

दिवे अंधुक आहेत. डोळे अंधुक नाहीत. लिहून ठेवते, म्हणजे उद्या परत स्वतःशीच वाद नको.

काल पहाटे वळणावर सायकलवाला दिसलाच नाही. अगदी अंगावर आल्यावर दिसला. स्टिअरिंग खेचलं, मागे भाजीचे क्रेट धडाधड आदळले. तो पडला नाही. शिव्या देत गेला. देऊ दे. जिवंत होता म्हणून दिल्या.

हे होते तेव्हा याच दिव्यांवर भागायचं. यांना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून ट्रक मीच चालवते. दुसरं येतं काय मला? शाळा चौथीतच सुटली. ट्रक सुटला तर मी आणि पोरगी — पुढचं लिहीत नाही.

५ डिसेंबर

करंटकडे गेले. गाड्यांची वायरिंग करतो, यांचा दोस्त. सगळे त्याला करंटच म्हणतात. त्याने दिवे लावून, वाकून, पुढून-मागून पाहिले.

"वहिनी, दिव्यांना धाड भरलेली नाही."

"गाडी तू चालवतोस का मी?"

"नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणाला. हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

झेनॉन, म्हणजे ते पांढरे, लख्ख उजेडाचे बल्ब, बसवायचं ठरलं. वरच्या मोठ्या दिव्यांत, आणि खाली धुक्याच्या दिव्यांतही. तो तीनदा म्हणाला, धुक्यात पिवळाच बरा, पांढरा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच तोंडावर येतो. मी ऐकलं नाही. जास्त उजेड म्हणजे जास्त दिसणार. एवढं अडाण्यालाही कळतं.

८ डिसेंबर

दिवसभर गॅरेजात. पोरगीही आली. मागच्या महिन्यात तिला जड गाडीचं लायसन मिळालंय, तेव्हापासून पाय जमिनीवर नाहीत.

करंट बल्बच्या काचेला बोट लावू देईना. बोटाचं तेल लागलं की काच तिथेच तापून तडकते म्हणे. प्रत्येक बल्बमागे एक छोटी डबी, तिच्याशिवाय तो पेटत नाही. डब्या पोरीने बसवल्या. स्क्रू दातात धरून काम करते — थेट बाप. मी दोनदा ओरडले, गिळशील. गालात स्क्रू ठेवून हसली.

दिवेलागणीला ट्रक भिंतीसमोर उभा केला. आधी निळसर, मग हळूहळू पांढरे, दूध वर यावं तसे चढले. भिंतीवर खडूची रेघ मारली होती. उजेड त्या रेघेच्या खाली बसवायचा, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात जात नाही.

"रेघ दिसते ना वहिनी?"

"दिसते."

"आणि डाव्या टोकाला कोण उभं आहे?"

मला कोणी दिसेना. रेघ मध्येच संपत होती. पुढे भिंतच नव्हती, नुसतं काळं. म्हटलं, "कोण असणार? कोणी नाही."

"आई, मी आहे की इथे!" पोरगी म्हणाली.

म्हटलं, चेष्टा करत होते. तिला पटलं. करंटला पटलं नाही. तो खाली मान घालून पाने पुसत बसला.

११ डिसेंबर

धुकं. पांढरा उजेड, पांढरं धुकं, सगळं दूध. करंट खरा ठरला. समोरून येणारा प्रत्येक जण दिवे मारून शिव्या घालतोय, तुमच्या दिव्यांनी आंधळे झालो म्हणून. त्यांना म्हणावं, या इकडे बसा.

ट्रक कडेला घेतला. उजाडेपर्यंत बसून राहिले. माल उशिरा पोचला.

रडले नाही. खोटं. रडले.

१२ डिसेंबर

करंटने धुक्याचे दिवे परत पिवळे केले. मी सांगितलं म्हणून नाही, त्याचं त्यानेच केले. मग म्हणाला, "दिवे बदलून झाले वहिनी. आता डोळे दाखवा."

मी त्याला नको ते बोलले. त्याने ऐकून घेतलं. मेल्याने उलट तरी बोलायचं.

१६ डिसेंबर

डोळ्यांची डॉक्टर. लहानखुरी, हळू बोलणारी. मला घाई होती, तिला नव्हती.

डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. अंधारात आधी कळतो. कडेकडून काळं आत येत जातं. चष्मा नाही, ऑपरेशन नाही.

"आता गाडी चालवायची नाही. दिवसासुद्धा नाही."

म्हटलं, बाई, मग मी करू काय? तिने पाण्याचा पेला पुढे केला.

मग विचारलं, घरी मुलंबाळं? हा आजार रक्तातून उतरतो म्हणे. प्रत्येकात उतरतोच असं नाही, पण मुलीला घेऊन या, लवकर या.

माझी आई तिन्हीसांजेला उंबऱ्याला ठेचकाळायची. आम्ही भावंडं तिला वेंधळी म्हणायचो. हसायचो.

१७ डिसेंबर

पोरीला माझं सांगितलं. तिचं नाही सांगितलं. जीभच उचलेना.

आधी रडली. मग नाक पुसून म्हणाली, "मी आहे ना. तू शेजारी बस आणि ओरड. नाहीतरी तेच करतेस."

चावी दिली. म्हणजे तिनेच माझी बोटं एकेक करून सोडवली.

२० डिसेंबर

डॉक्टरकडे नेलं नाही. सोमवारी नेईन. तिला कुठे काय होतंय? सुईत दोरा एका झटक्यात ओवते. दिवसा ट्रक लोण्यासारखा चालवते. आत्ताच तर चालवायला लागली आहे. चार दिवस चालवू दे. मी काही वैरीण नाही तिची.

२२ डिसेंबर

आज तिची पहिली पहाटेची खेप. मला ताप, म्हणून करंट सोबत गेला. दारात उभी राहिले. ट्रक वळला, भिंती उजळल्या, गेला. अभिमान वाटला. भीतीही वाटली. दोन्ही एकाच वेळी.

२३ डिसेंबर

आज चहा पिताना म्हणाली, "आई, दिवे मस्त आहेत गं. फक्त डावीकडचा जरा कमी वाटतो. करंटकाकांना बघायला सांगशील?"

बाहेर जाऊन दिवे लावून पाहिले. दोन्ही सारखेच पेटले.