कातडीखालची हिरवी रेघ

४ जुलै, नांदेड
सकाळपासून मायक्रोस्कोपवर. पेशी काचेला जिथं धरून बसते ती जागा रंग लावला की हिरवी चमकते. तिचे फोटो काढायचे, हीच माझी पीएच.डी. दुपारी जळकोटहून दत्ताचा फोन. "ताई, अण्णांच्या अंगावर पाण्याचे फोड आलेत. सदरा काढला तर कातडीबी निघाली." आई गेल्यापासून बापलेक दोघंच घरात. निघते.

६ जुलै, लातूर
डॉक्टरबाईंनी अण्णांचे हात पाहिले. जन्मभर शिलाई केलेले हात, आता सुई धरवत नाही. दंडाच्या कातडीचा तुकडा काढून पुण्याला पाठवला. तिथं रंग लावून बघतात. म्हणजे माझंच काम.
"तुला कळतं का यातलं?" अण्णा.
मी हो म्हणाले.

१५ जुलै, नांदेड
रिपोर्टमध्ये काहीच नाही. दवाखान्यात तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला होता. त्या द्रावणात तुकडा टिकतो, पण हा रंग धरत नाही; काय चमकणार. कंपाउंडर म्हणतो, "आम्ही नेहमी त्यातच टाकतो, मॅडम."

१७ जुलै, जळकोट
चादर अंगाला चिकटते म्हणून अण्णांना केळीच्या पानांवर निजवलंय. शेजारच्या काकू म्हणतात देवीचा कोप, माहूरला नवस बोला. अण्णांना ते पटतंय. "पुन्हा कापायचं न्हाई. झालं ते लई झालं."
लॅपटॉपवर माझे फोटो दाखवले. हिरवं आहे तिथं पेशीनं धरलंय, अण्णा.
"आन माझं सुटून राहिलंय."
कुठून सुटतंय ते दिसलं की औषध ठरेल, म्हटलं. अण्णांनी भिंतीकडं तोंड केलं. तिकडं तोंड ठेवूनच, "सकाळी गाडी सांग."

२८ जुलै, नांदेड
दुसऱ्या तुकड्याचा फोटो आला. कातडीच्या दोन थरांमध्ये सरळ हिरवी रेघ. इथं हिरवं म्हणजे शरीराचा स्वतःवरच हल्ला, म्हणून थर सुटतायत. आजाराचं नाव पेम्फिगॉइड. पाहताक्षणी मनात आलं, काय सुरेख फोटो. मग लॅपटॉप मिटला. आज स्टेरॉइड सुरू.

१४ ऑगस्ट, लातूर
फोड सुकले. पण शुगर चढली, काल छातीत कफ, ताप. अ‍ॅडमिट. बाई म्हणाल्या, स्टेरॉइडची गोळी तशीच ठेवली तर इन्फेक्शन वाढेल, कमी केली तर फोड परत येतील. "तुम्ही यातल्या आहात. तुम्हाला काय वाटतं?"
मी काचेवरच्या पेशी बघते, बाई, म्हटलं.

१९ ऑगस्ट
कालपासून गोळी अर्धी. ताप थोडा उतरला. अण्णांनी दोन घास पेज घेतली, दुकानाची किल्ली कुणाकडं आहे ते विचारलं.
पाठ पुसताना एक लाल चट्टा दिसला, फोड येण्याआधी असतो तसा. दत्ता म्हणतो डास चावला असेल. मोबाइलचा टॉर्च लावून दोनदा पाहिलं. कळत नाही.