कायदा मराठीत झाला तर

सोम. १ फेब्रुवारी १९६५, बुलढाणा
मलकापूरले गाडीतून उतरलो, तिथून यष्टी. घाटात काळे सरले उलटी झाली. मोठे सर खिडकीतून बाहेर पाहत राह्यले. पुस्तकाचे गठ्ठे टपावर, माहा जीव तिथंच. डाकबंगल्यात उतरलो. थंडी नागपूरहून जास्त.

दोघा सरचं काम असं : जूनपासून इथं कायद्याचा वर्ग काढायचा का, आन् काढला तर मराठीत शिकवायचं का, हे पाहून आमच्या नागपूरच्या लॉ कॉलेजले सांगायचं. मी चपराशी. चहा, पाणी, गठ्ठे.

फाटकापाशी माहा लहाना भाऊ सुखदेव उभा, इथंच खोली करून राह्यते. वाळला पोरगा. बी.ए. झाला पण इंग्रजीत कसाबसा निघाला. म्हणे, "दादा, मेहकरच्या शाळेनं मास्तरकी देली. शनिवारपर्यंत हो का नाही सांगा म्हणतात. इथं मराठीत वर्ग निघत असन तर मी नाही म्हणतो."

बुद्धाची दीक्षा घेतली तवापासून बाप एकच म्हणते, घरात एक वकील पाहिजे. माही शाळा चौथीत सुटली. राह्यला सु.

मंगळ. २
सकाळपासून दोघायची जुंपली. दार उघडंच.
मो. सर : "पुस्तकं नाहीत, शब्द नाहीत, आणि वर्ग काढायचा. तोंडी शिकवणार?"
का. सर : "करारावरचं माझं पुस्तक लिहून तयार आहे."
"एक झालं. बाकीचे विषय? आणि हा मराठीतला वकील हायकोर्टात उभा राहिला की?"
"सगळे कुठं हायकोर्टात जातात? मेहकरच्या कोर्टात अशील कोणत्या भाषेत रडतं?"
"त्याला कोणत्याही भाषेत रडू द्या. वकिलानं आधार दाखवायचा असतो. निवाडे सगळे इंग्रजीत. हा ते वाचणार कसा?"
का. सर पुस्तकाची पानं चाळू लागले.
मले मो. सरचा राग आला. त्यायचं बोलणं खरं वाटलं, म्हणून जास्त आला. चहा थंडा झाला त्याचं बोलणं मलेच बसलं.

बुध. ३
का. सर म्हणाले, इथल्या एखाद्या मुलाला वाचून दाखवू, किती समजतं पाहू. मी कपबशा उचलून राह्यलो होतो. तोंडातून निघून गेलं, माहा भाऊ हाये सर, बी.ए.
मो. सरनं चष्म्यावरून पाह्यलं. "तुझा भाऊ? बोलाव."
खोलीवर जाऊन सांगतलं तर सु. आधी हसला. शर्ट धुतला, वाळेना. मित्राचा मागतला. बाह्या लांब झाल्या.

गुरु. ४
लिवावं का नाही.
सु.ले खुर्ची देली. मी दारात. का. सरनं त्यायचं पुस्तक वाचलं. प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल. सु. मान हालवून राह्यला पण मी त्याले ओळखतो, त्याची मान समजलं नाही की जास्त हालते.
मंग का. सरनं सोपं करून इचारलं. गणपतनं शेषरावले म्हटलं, ही बैलजोडी तुले इतक्या रुपयाले विकतो. शेषराव म्हणाला, घेतली. दुसऱ्या दिवशी गणपतनं जोडी तिसऱ्याले देली. करार झाला होता का?
सु. चटकन : "नाही सर."
"का?"
"इसार कुठं देला?"
मो. सर हसले. मोठ्यानं नाही, नाकातून.
का. सर : "इसाराचे आगाऊ पैसे नसले तरी होतो. विकतो, घेतली, झालं."
"आमच्या बाजारात इसाराबिगर सौदा कोणी मानत नाही सर. गणपतले कोणी नावं ठेवणार नाही."
मो. सर : "बाजार मानत नसेल. न्यायाधीश मानतो. वकील व्हायचंय ना तुला?"
सु. उठला. नमस्कार केला नाही.
फाटकाबाहेर म्हणे, "चपराश्याचा भाऊ म्हणून बसवलं मले तिथं. तमाशा पाह्याले."
मी म्हणलो, "तुह्यासाठीच ना बे."
"माह्यासाठी? मले इचारलं होतं?"


शुक्र. ५
मो. सरनं सकाळी बोलावलं. रागावलेले नव्हते, तेच वाईट वाटलं. "ये उत्तम. मुलगा हुशार आहे. पण त्याला सांग, मास्तरकी घे. वर्ग निघाला तरी पुस्तकं यायला वर्षं जातील. तोवर हा अर्धा वकील होईल. अर्ध्या वकिलाला कोणी अशील मिळत नाही."
बंब पेटवत होतो तर का. सर आले. "भावाला सांग, थांब. काल तो चुकला, पण लगेच बोलला. असेच पाहिजेत. वर्गासाठी मी भांडतोय."
"वर्ग निघन का सर?"
"भांडतोय म्हटलं ना."
दोन निरोप माह्याजवळ. आन् तिसरं माहं सोताचं. गावचे दोघं भिलाईले कारखान्यात लागले, मले बलावून राह्यले. सु. मास्तर झाला तर मी घंटी वाजवणं सोडून मोकळा. तो वकिलीले बसला तर त्याच्या खर्चापायी हा पक्का पगार सोडता येत नाही, अजून किती वर्षं हेच पाणी, हेच गठ्ठे. मास्तरकीचा निरोप मले गोड लागला. हे कोणाले सांगू.
खोलीवर दोनदा गेलो. सु. नव्हता.

शनि. ६, मलकापूर स्टेशन
दोघा सरचं काही ठरलं नाही. नागपूरले जाऊन मीटिंग.
बुलढाण्याच्या स्टँडवर सु. होता, हातात पिशवी. मेहकरची गाडी लागली होती, आमची बाजूले. मी गठ्ठे टपावर चढवले आन् त्याच्यापाशी गेलो. दोन्ही निरोप सांगतले, मोठ्या सरचा आधी का काळे सरचा, याचाच इचार करत होतो, तर काळे सरचा आधी निघाला.
सु. म्हणे, "त्यायचं समजलं. तू सांग."
"मले काय समजते त्यातलं."
"इतकी वर्षं त्यायच्या दारात उभा राह्यते आन् समजत नाही?"
भिलाईचं सांगतलं नाही. जीभ तिथपर्यंत गेली होती.
त्याचा एक पाय पायरीवर, एक खाली. कंडक्टर म्हणे, "ओ मास्तर, चढा नाहीतर बाजूले व्हा." सु.ले कोणी पहिल्यांदा मास्तर म्हणलं असन. त्यानं वळून पाह्यलं, मंग माह्याकडे.
आमची गाडी सुटली. मधात दुसरी गाडी आली, तो चढला का खाली उतरला, दिसलं नाही.
मी थांब म्हणलो नाही. जा बी म्हणलो नाही.