ओल्या फडक्यातला फ्रेंच पाव

बोरिवली (पश्चिम),
१२ जानेवारी २०२६

ती. स्व. सौ. अनुपमाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, दूरध्वनीवर तू माझे एकही वाक्य क्रियापदापर्यंत पोहोचू देत नाहीस. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर मी माझ्या पावाचे छायाचित्र सविस्तर टिपणीसह प्रसृत केले, तर त्याखाली तू जोडलेले दोन हात ठेवलेस. ते आपल्याकडे श्रद्धांजलीसाठी राखीव असतात. अतएव लेखणी.

काल भावोजी नित्याप्रमाणे इथे बुद्धिबळात हरले, नित्याप्रमाणे माझा ताजा फ्रेंच पाव घेऊन मुलुंडला निघाले आणि चष्मा विसरले. तो द्यावा म्हणून मी मागोमाग आरे कॉलनीतून गाडी काढली. तुझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकले आणि जे दृश्य पाहिले, त्याने माझी वाचा बसली. (तुझ्या लक्षात आले नसेल; तू बोलत होतीस.) ओट्यावर पोळ्यांचा डबा. डब्यात ओले फडके. फडक्यात, तापाने फणफणलेल्या रुग्णासारखा गुंडाळलेला, माझा पाव! वर घट्ट झाकण.

ताई, या पावात मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट यांखेरीज काहीही नसते. उरलेले सर्व तपश्चर्या असते. रात्रभर शीतगृहात संथ किण्वन. प्रातःकाळी हलक्या हाताने घडण. पृष्ठभागावर पात्याने तिरके छेद. लाल तापलेल्या ओव्हनमध्ये तव्यावर स्थापना आणि खालच्या ताटात उकळते पाणी ओतून बाष्पाचा अभिषेक. त्यात माझ्या मनगटावरचे केस दोनदा होरपळले. हे सर्व कशासाठी? तर त्या तांबूस, कुरकुरीत कवचासाठी. बाहेर काढताच ते तडतड वाजू लागते. जाणकार म्हणतात, पाव गातो. त्या गायकाच्या तोंडात तू बोळा कोंबलास.

आता मूळ मुद्दा. आई दिवाळीनंतर आमच्याकडे राहायला येईल असे गणपतीत ठरले होते. दिवाळी झाली, तुळशीचे लग्न लागले, परवा संक्रांतही येईल. आई मात्र मुलुंडातच. तू दर वेळी म्हणतेस, बघू. जी व्यक्ती माझा पाव ओल्या फडक्यात ठेवते, तिच्या हाती आईचा ताबा अनिश्चित काळ ठेवणे मला मान्य नाही. ती केव्हा येणार ते लेखी कळवावे.

लोभ असावा, पाव कागदी पिशवीत, उघडा असावा.

तुझा बंधू,
श्यामकांत

---

मुलुंड (पूर्व),
१७ जानेवारी २०२६

चि. श्यामकांत यास,
अ. उ. आ.

स्पीड पोस्टने पाठवलंस, वेड्या! पोस्टमन सही मागायला लागला तशी शेजारची सुलक्षणा दारात येऊन उभी. तिला वाटलं, आमच्यावर कोर्टाची नोटीस आली. तुझी भाषा वाचून दाखवली तर तिची खात्रीच पटली.

आता माझं ऐक, आणि क्रियापदापर्यंत ऐक. पहिल्या वेळी मी पाव फडक्यात गुंडाळला तो सवयीने. घरात गरम काही आलं की माझे हात आपोआप फडक्याकडे जातात. पोळी असो, भाकरी असो, तुझा तो गवय्या असो. नंतर मात्र मुद्दाम गुंडाळायला लागले. कारण ऐकायचंय? पहिल्याच रविवारी आईने तुझं ते कवच चावलं आणि हिरडीतून रक्त आलं. नवी कवळी बसवून महिनाही झाला नव्हता. चूळ भरली तर बेसिन लाल. मी घाबरले, पण तिने मला शपथ घातली, शामाक सांगू नको, माझो झील हौसेन करता.

आईचं खाणंच तुटलंय रे. मऊ भात, खिमट, दुधीची भाजी, लापशी, सगळं मी कुस्करून देते आणि ताट तसंच्या तसं परत येतं. भूक नाही म्हणते. झंपर खांद्यावरून घसरायला लागलेत. संक्रांतीला तिळाची वडीसुद्धा खलबत्त्यात कुटून वाटीत घालून दिली, तर वाटीकडे बघून तोंड फिरवलं. फक्त तुझा पाव तेवढा चहाबरोबर आत घेऊन जाते, आणि ती ताटली रिकामी येते. म्हणून मी तो मऊ करते. म्हणूनच तिला पाठवत नाही. दीप्ती ऑफिसला जाते, घरात तू एकटा. तू तिला कवच खायला घालशील आणि वर व्याख्यान देशील.

अक्कल असेल तर मऊ पाव कर. नाहीतर फडक्याबद्दल एक अक्षर बोलू नकोस. तीळगूळ सोबत पाठवलाय. तुझ्याशी गोड बोलायची इच्छा नाही, पण रीत आहे.

माया आहेच, तुझी लायकी नसली तरी.

तुझी ताई

---

बोरिवली (पश्चिम),
२० जानेवारी २०२६

ती. स्व. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून मी संतापलो आहे, आणि नेमका कोणावर हे ठरत नसल्याने सर्वांवरच संतापलो आहे. माझ्या पावाने आईला रक्त आले, आणि हे मला आता कळते! दर रविवारी मी त्या शस्त्राला अधिकाधिक धार लावत होतो, रंग खुलला म्हणून छायाचित्रे काढत होतो, आणि तुम्ही दोघी मला कौतुकाने भुलवत होतात. शत्रूलाही इतके अंधारात ठेवू नये. तो निदान सावध तरी होतो.

तथापि आज्ञा शिरसावंद्य. काल मी दूध, लोणी आणि साखर घालून एक पाव निर्माण केला. बाष्प नाही, छेद नाहीत. वर कवच धरू नये म्हणून भाजताना पत्र्याच्या डब्यावर झाकणसुद्धा ठेवले. बाहेर आला तेव्हा तो गायला नाही. बोटाने दाबला तर आत गेला आणि खेद व्यक्त करीत सावकाश वर आला. दीप्तीने एक काप खाऊन उद्गार काढले की अखेर तुम्हाला पाव जमला. आमच्या संसारात यापूर्वी इतके जिव्हारी लागणारे वाक्य उच्चारले गेलेले नाही.

ती उशी (तिला पाव म्हणवत नाही) भावोजींकडे या पत्रासोबत देत आहे. ते आज मुद्दाम त्यासाठी आले आणि त्यांनी बुद्धिबळात मला हरवले, यावरून माझ्या मनःस्थितीची कल्पना यावी.

आईला बोरिवलीस धाडण्याची मागणी मी मागे घेतो. ज्याच्या हातचे खाऊन आईच्या तोंडातून रक्त येते, त्याने तिच्या ताब्याची भाषा करू नये. तिची खोली दीप्तीने रंगवून ठेवली आहे. तिथे इस्त्रीचे कपडे ठेवता येतील.

लोभ असला तर असो.

श्यामकांत

---

मुलुंड (पूर्व),
२७ जानेवारी २०२६

चि. श्यामकांत यास,
अ. उ. आ.

मी इतकी चिडलेय की हे पत्र उभ्याने लिहितेय.

तुझी उशी आईला दिली. एक घास घेतला आणि ताटली सरकवून विचारलं, घरात आजारी कोण आसा? मग विचारलं, शामाचो हात मोडलो काय? मी सांगितलं, तुझ्या हिरड्यांसाठी त्याने मुद्दाम असा केलाय. तर ही पलंगावरून उठून उभी राहिली आणि मला बोल बोल बोलली. अख्खा मजला ऐकत होता. सुलक्षणाने टीव्ही बंद केला.

तर ऐक काय चाललं होतं माझ्या घरात. ह्यांनी पाव आणला की स्वयंपाकघरात पोहोचायच्या आत आई हॉलमध्येच त्याची दोन्ही टोकं मोडून घ्यायची. मला वाटायचं, हेच वाटेत खातात. बाकीचा मी फडक्यात ठेवून, मऊ करून, कापून द्यायचे, तो ती ह्यांना खायला घालायची. रिकामी ताटली मी डॉक्टरांना अभिमानाने सांगत होते, आणि ती माझ्या नवऱ्याने रिकामी केलेली! पँट कमरेला का होत नाही, ते आता कळलं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, आईंनी शपथ घातली होती. त्यांच्याशी बोलणं बंद आहे.

ती टोकं कशी खायची ठाऊक आहे? कवळी काढून पेल्यात ठेवायची, एक तुकडा गालात धरायचा, कुरकुर करत हिरड्यांनी दुपारभर चघळत बसायचं. कवळी काढली की काही दुखत नाही, म्हणते. मी तिला तशीच दातांच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी बघून सांगितलं की कवळीची एक कड हिरडीत रुततेय, जखम तिचीच. पावाचा काही संबंध नाही. ती कड घासायला लागेल.

येताना रिक्षात म्हणाली, वर्षभर माझ्या तोंडात कसलाच आवाज झाला नाही. वडी कुटून दिलीस, पापड आमटीत बुडवून दिलास, मी जिती आसंय की न्हय तेच कळेना. शामाचो पाव तेवढो वाजता. आणि तुम्ही दोघं भांडताय मी खंय ऱ्हवायचा. माका कोणी इचारला?

म्हणून मी विचारलं. घरी येऊन तिने पलंगाखालची बॅग स्वतः ओढली.

मला वाईट वाटलं रे. मी किती मनापासून कुस्करत होते. पण तिला पाठवतेय. रविवारी हे घेऊन येतील, मी बोलत नसले तरी. तिचं औषध वेळेवर दे, आणि व्याख्यान देऊ नकोस.

माया कमी करू नये.

तुझी ताई

---

बोरिवली (पश्चिम),
९ फेब्रुवारी २०२६

ती. स्व. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आई सुखरूप आहे. मी नाही.

आल्याच्या दुसऱ्या सकाळी तिने ओव्हनसमोर स्टूल मांडले व न्यायासनावर बसावे तशी बसली. मी पाव काढला. सुवर्णवर्ण, समप्रमाण, छेद उमललेले. वर्गात दाखवावा असा. तिने पदराने धरून उलटा केला, बुडावर बोटाच्या पेराने ठोठावले आणि निकाल दिला की कच्चो आसा, परत घाल. मी फ्रेंच प्रमाणग्रंथांचा दाखला दिला. तिने मला आठवण करून दिली की ती लग्न होऊन आली तेव्हापासून भाजतेय, आणि मला नाक पुसायला तिनेच शिकवले. पाव परत गेला. निघाला तेव्हा जवळजवळ काळपट होता, आणि माझ्या आयुष्यात ऐकला नव्हता इतका मोठ्याने तडतडत होता. आईने तो कानाशी नेला. मी व्याख्यान दिले नाही.

मग सुरी बाजूला सारून तिने तो हाताने मोडला, कुळथाच्या पिठीत नुसती कड टेकवली आणि खाल्ला. ताट पुन्हा पुढे केले. मी स्वतः पाहिले, ताई; मध्ये कोणीही भावोजी नव्हते. कवळीची कड घासून झाली आहे. पण कवळी आई फक्त पाहुणे आले की लावते. काल तिने दीप्तीकडून कुरडया तळून घेतल्या आणि त्यांचा असा कडकडाट केला की मला बातम्या ऐकू आल्या नाहीत. निषेध नोंदवला, फेटाळण्यात आला.

तू दर रविवारी भावोजींसह यावेस, अशी तिची आज्ञा आहे. कुस्करायला नव्हे, मोडून खायला. मनात काही धरू नकोस. रात्री झोपताना ती तुझेच नाव घेते, आणि मला ते अजिबात आवडत नाही.

किती दिवस राहणार, असे मी भीत भीत विचारले. म्हणाली, तुला पाव नीट भाजता येईपर्यंत राहीन, मग मुलुंडला जाईन. हे कृपया कोणाला सांगू नकोस, पण मी शिकण्यात अत्यंत मंद आहे. आज सकाळचा पावही मी लवकरच बाहेर काढला.

लोभ आहेच, तोही खरपूस असावा.

तुझा बंधू,
श्यामकांत