हसनामावशीचं बेट

७ जुलै, रविवार

रानडुक्कर! उबिन बेटावर बोटीतून उतरून चार पावलं गेले नाही तोच समोर — मागे पिल्लांची रांग. आणि हे सिंगापूरमध्ये! पत्र्याची छपरं, कोंबड्या, विहीर. असं गाव आहे इथे, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नाही. नवरा अंकुर आणि लेक इरा घरीच. इरा इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "सो हॉट लाह! यू गो, आई."

एका घराबाहेर एक म्हातारी शहाळी विकत होती. हसना. मलयमध्ये मावशीला मकचिक म्हणतात. मी आपली हसनामावशी म्हणते. "डुकरं ड्युरियनला येतात," म्हणाली. "पडलेलं फळ आधी त्यांचं, मग माझं."

१४ जुलै

परत गेले. मावशीचे वडील इथल्या खाणीत ग्रॅनाइट फोडायचे. खाणीत आता हिरवं पाणी अन् बगळे. धनेश दिसला — केवढी ती चोच! "माझ्या लहानपणी हे नव्हते. माणसं गेली, मग हे आले."

तिच्या भाषेत नवरा म्हणजे सुआमी. आपला स्वामी! मी हसले, तीही हसली. "माझा स्वामी फार घोरायचा."

तिचा मुलगा राहिम तिकडे शहरात, तोआ पायोहला. आईने आपल्याकडे राहायला यावं म्हणून मागे लागलाय.

२१ जुलै

पाऊस. गेले नाही. धनेशाबद्दल वाचलं. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, नर बाहेरून भरवतो! अंकुरला सांगितलं. "ऐकतोय," म्हणाला. ऐकत नव्हता.

२८ जुलै

मावशी पायरीवर बसलेली. काल विहिरीपाशी पडली. घोटा टम्म सुजलाय, पाय टेकवत नाही. "राहिमला सांगू नकोस. तो मला नेईल आणि परत येऊ देणार नाही."

मी हो म्हटलं. राहिमचा नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहिलेला. धक्क्यावर येऊन त्याला फोन केला, माझं नाव-पत्ताही दिला.

संध्याकाळी तो घेऊन गेला तिला. मावशीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

११ ऑगस्ट

घराला कुलूप. कोंबड्या शेजाऱ्यांकडे. अंगण डुकरांनी उकरून ठेवलंय.

अंकुर म्हणतो, "राहिमच म्हणाला ना, हाड मोडलं होतं, वल्लरी. दुसरं काय करणार होतीस?" खरंय. तरी मी तिला हो म्हटलं होतं.

२५ ऑगस्ट

सकाळी बेल. दारात राहिम!

"आई माझ्याकडे नीट जेवत नाही, बोलत नाही. रजा टाकलीय. आता मीच तिच्याबरोबर बेटावर राहणार. ती खाली टॅक्सीत आहे, तुम्हाला बोलावतेय."

मावशी मांडीवर काठी घेऊन बसलेली. सरकून जागा केली.

"बस. फोन तूच केलास ना? मग आज स्वयंपाकही तूच करायचास."