पितळेचा बुश

नाना, मागच्या आठवड्यात तुम्ही बसवलेला एक बुश मी काढून टाकला. घरी कुणाला सांगावं असं ते नाही. आईला गाड्यांचा राग तेव्हाही होता आणि आजही आहे. भाऊ हल्ली त्याच्या मुलांशी गुजरातीत बोलतो, बोल्टच्या आट्यांना मराठीत काय म्हणतात हेसुद्धा तो विसरला असेल. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. भेस्तानचं आपलं वर्कशॉप आहे तिथंच आहे. वरचा पत्रा बदललाय, शेजारी लूमचा कारखाना झालाय, त्यामुळे दिवसभर मोठ्यानं बोलावं लागतं. जुन्या गाड्या आता फार येत नाहीत. ज्या येतात त्या दुसरीकडून नकार घेऊन आलेल्या असतात.

ही गाडीही तशीच आली, दोरीनं ओढत. मोतिया रंग, गोल दिवे, दार लावलं की जाडजूड आवाज. मागोमाग रिक्षातून गाडीच्या मालकीण उतरल्या; सगळे त्यांना मासी, म्हणजे मावशी म्हणतात. साडीखाली कॅनव्हासचे बूट, हातात गाडीची किल्ली. शाळेत गणित शिकवायच्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. अजून गाडी स्वतःच चालवतात. डुमसच्या समुद्रावरून परत येताना इंजिन उकळलं आणि पुढून वाफ आली. दोन गॅरेजवाल्यांनी सांगितलं की इंजिनचं हेड, वरचा भाग, गेलं, असलं हेड आता कुणी बनवत नाही, दुसऱ्या गाडीचं इंजिन टाका. मासी मला म्हणाल्या, "दुसरं इंजिन टाकलं तर मग ही गाडी माझी कशी राहील? तू बघ, बेन. तू नाही म्हणालीस तर मग मी विचार करेन."

मी उघडून पाहिलं. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर जिथून गरम पाणी रेडिएटरकडे जातं, तिथलं तोंड दोन बोल्टांनी आवळलेलं असतं. त्यातला एक बोल्ट नुसताच गरगरत होता, धरतच नव्हता. तो ओढला तर त्याच्यासोबत पिवळ्या धातूची एक नळी वर आली, आतून बाहेरून आटे पाडलेली, कडेला टोच्यानं मारलेले तीन ठिपके. बुश फिरू नये म्हणून असे ठिपके तुम्हीच मारायचात. दुसऱ्या कुणाच्या कामात मी ते पाहिले नाहीत. मी काही बोलायच्या आधी मासीच म्हणाल्या, "तारा पप्पाएज करेलुं. तुझ्या पप्पांचंच काम आहे ते. तू तेव्हा शाळेत जायची."

मला ते दिवस आठवतात. तुम्ही पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये फिटर, आणि ड्युटीवरून आलात की दारापुढच्या ओट्यावर लोकांच्या गाड्यांचे मेलेले आटे जिवंत करायचं काम. पितळ मिळायचं ते मिलच्या भंगारातल्या व्हॉल्व्हचं, साहेबांना विचारून आणलेलं. त्याचा दांडा लेथवर उतरवायचा, भोक पाडायचं, आटे पाडायचे. अ‍ॅल्युमिनियमला आटे पाडताना रॉकेल लागतं, आणि रॉकेल फक्त आईच्या स्टोव्हमध्ये. तुम्ही वाटी घेऊन स्वयंपाकघरात शिरता, आई परातीवरून मान वर न करता म्हणते, "मी सैपाक कसावर करू? तुमना मशीनवर?" तुम्ही हसता आणि वाटी भरूनच बाहेर येता. त्या दिवशी भाकरी उशिरा होतात आणि घरभर रॉकेलचा वास.

पुढे आपलं वर्कशॉप झालं, मी आयटीआय करून आले, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्या हातात आटे पाडायचा टॅप दिलात. मी तो एका दमात आत फिरवत गेले. तुम्ही हँडल काढून घेतलंत. एरवी तुम्ही माझ्याशी शाळेतलं मराठी बोलायचात, पण रागावलात की अहिराणी. "हातले इचार, माले नको इचारू," असं म्हणालात. मग जरा वेळानं, समजुतीच्या आवाजात: "लोखंड ओरडतं, म्हणून कळतं. हे अ‍ॅल्युमिनियम गुपचूप फाटतं. अर्धा फेरा पुढे, थोडं मागे, चुरा बाहेर येऊ दे." तेव्हा मला फार लागलं होतं, कारण वर्कशॉपमधली दोन माणसं बघत उभी होती. आज मी शिकवते तेव्हा तेच शब्द जसेच्या तसे माझ्या तोंडून निघतात, फक्त अहिराणी नसते.

तर नाना, तुमचा बुश तसाच होता, आटे अजून धारदार. खराब झालं होतं ते त्याच्या भोवतीचं. भोकात बोट घातलं तर पांढरी भुकटी निघाली, ओलसर, दळलेल्या मिठासारखी. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून पाण्यात राहिली की अ‍ॅल्युमिनियम हळूहळू झिजतं, आणि मासींची गाडी धुणारा माणूस कित्येक वर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं खारं पाणी ओतत आला. दोष पाण्याचा म्हणता येईल. पण हाच बुश कोरड्या जागी असता तर आजही धरून राहिला असता. पाण्याच्या जागी पितळ घालायला नको होतं. हे मला कळलं तेव्हा मी हात पुसले आणि उगाचच दुसऱ्या गाडीचं काम काढलं. हेड दोन दिवस टेबलावर तसंच पडून होतं.

मासी विचारायला आल्या. मी म्हटलं, "जुना बुश परत बसणार नाही. ती जागा वेल्डिंगनं भरून नव्यानं आटे पाडावे लागतील."

"पण तुझ्या पप्पांनी केलेलं इतकी वर्षं चाललं. तसंच नवीन कर ना. पितळेचंच."

"चालणार नाही, मासी. त्या जागेला पितळ नको होतं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. शाळेत फळ्यावरची चूक दाखवणाऱ्या मुलीकडे बघत असतील तसं. "म्हणजे ते चुकले?"

लूमच्या खडखडाटात मी हेड वळवून त्यांना ते भुकटीनं भरलेलं भोक दाखवलं. मग म्हणाले, "त्यांच्याकडे जे होतं त्यातलं चांगलं त्यांनी वापरलं. तरी हो, चुकले." हे बोलताना माझा आवाज चढला होता, नुसत्या खडखडाटामुळे नाही. मासींनी ती भुकटी चिमटीत घेतली, घासली, झटकली. "बरं," एवढंच म्हणाल्या, आणि किल्ली टेबलावर ठेवून गेल्या.

हजीऱ्याच्या कारखान्यात वेल्डिंग करून आलेला एक वेल्डर आहे, आता गल्लीतच बसतो. तो म्हणाला, "जुनं कास्टिंग आहे, तेल प्यायलेलं. तडकलं तर मला बोलायचं नाही." दुसरं हेड मिळणार नव्हतं, त्यालाही ठाऊक होतं. आम्ही ते आधी स्वच्छ धुतलं, हळूहळू सगळीकडून तापवलं, मग त्यानं आर्गॉन वेल्डिंगनं खड्डा भरला. गार होईपर्यंत दोघंही त्याच्याभोवती घुटमळत राहिलो, चहासुद्धा उभ्यानं प्यायलो. तडा गेला नाही. मग मी पृष्ठभाग सपाट केला, मध्य काढला, भोक पाडलं, टॅप फिरवला, आणि स्टेनलेस तारेची बारीक गुंडाळी आत बसवली; आता बोल्ट तिच्या आट्यांत फिरतो. बोल्टला ग्रीस लावलं. पाण्याच्या जागी कूलंट भरलं, आणि गाडी धुणाऱ्या माणसाला बोअरचं पाणी न घालण्याची ताकीद दिली. तो म्हणाला, तुमचे पप्पापण हेच ओरडायचे.

काल मासी डुमसला जाऊन आल्या. फोनवर म्हणाल्या, तापमानाचा काटा मधोमध राहिला, वाटेत एकदाही थांबावं लागलं नाही, आणि परतताना त्यांनी एका बसला मागे टाकलं. खूश होत्या. मीही झाले.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. तुम्ही गेल्यापासून कुठलंही अवघड काम हातात घेतलं की मनात आधी तुम्हाला विचारायची सवय होती: नानांनी हे कसं केलं असतं? या खेपेला टॅप फिरवत होते तेव्हा तुम्ही आठवलाच नाहीत. काम संपलं, हात धुतले, आणि मग लक्षात आलं.